मोटारीचे आपोआप लागणारे दिवे व त्यांतील विजेच्या दोषाचें निदान

मोटार ही शेतकऱ्याच्या घरीं आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागाइतदारास तर तिच्यावांचून एक दिवस निभावणें कठीण झालें आहे. वाढवण, वरोर, चिंचणी या किनारपट्टीच्या गांवांतून डहाणू रोड स्टेशनाकडे किंवा चारोटीवरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ कडे जावयाचें, चिकूच्या पेट्या पोंचवावयाच्या, खत व औषधें आणावयाचीं, रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास दवाखान्यांत न्यावयाचें, हीं सर्व कामें तिच्यावर येऊन पडलीं आहेत. माल भरून होईतों दिवस मावळतो व परतीचा रस्ता बहुधा अंधारांतच कापावा लागतो. त्याच रस्त्याच्या कडेनें कामावरून परतणारे मजूर पायीं चालत असतात, गुरें वाटेंत उभीं असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं रस्त्यावर दिव्याचा खांब नसतो. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाली; त्या कामाबरोबर अवजड वाहनांची ये-जा वाढणार, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे दिवा तीन सेकंद विझला तर गाडी ५० मीटर आंधळेपणानें जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १०५ व्या नियमानें सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें, तसेंच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळीं, वाहनाचे दिवे लागलेले असणें आवश्यक असून पुढील १५५ मीटरांवरील माणूस व वाहन त्यांच्या उजेडांत स्पष्ट दिसलें पाहिजे. तेव्हां दिव्यांचा विचार हा केवळ सोयीचा नसून जिवाचा विचार आहे.

अलीकडील पुष्कळ मोटारींत अंधार पडतांच दिवे आपोआप लागावे अशी योजना असते. ती नीट चालते तोंवर मालकास तिचें अस्तित्वही जाणवत नाहीं. ती बिघडली म्हणजे मात्र दोष कोठें शोधावा हें उमजत नाहीं. कारागीर अंदाजानें एकामागून एक भाग बदलीत जातो, बिल वाढत जातें, आणि कित्येकदां शेवटीं असें आढळतें कीं सर्व भाग शाबूत होते व दोष एका गंजलेल्या बोल्टाखालीं होता. हा खर्च व हा धोका टाळावा कसा, म्हणजेच दोषाचें निदान क्रमानें कसें करावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योजनेची रचना

मोटारीच्या दिव्यांस ‘डोळा’ बसविण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९५२ सालीं समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड ओळखून दिवे आपोआप खालीं करणारी योजना विक्रीस आणिली, आणि १९६४ सालीं त्याच कंपनीच्या कॅडिलॅक गाड्यांत संध्याकाळ होतांच दिवे लावणारी योजना आली. आपल्याकडे पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या महिंद्रांच्या ‘एक्सयूव्ही ५००’ या गाडीच्या वरच्या दर्जाच्या नमुन्यांत २०११ पासून अशी सोय होती. त्यानंतर ती अनेक गाड्यांत आली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होतांच लागून राहतो, ती गोष्ट मात्र निराळी. तेथें उजेड पाहणारा डोळा नसतो; दिवा सदैव जळतच राहतो.

चारचाकीच्या योजनेंत पांच मुख्य अंगें असतात. पहिलें अंग सेन्सर. हा डॅशबोर्डावर काचेच्या तळाशीं गोल बुंधासारखा, अथवा पुढच्या काचेस आरशामागें चिकटविलेला असतो. त्यांतील अर्धवाहक पदार्थावर उजेड पडला म्हणजे त्यांतून वाहणारी वीज वाढते, उजेड घटला म्हणजे ती घटते. दुसरें अंग स्विच. त्यावर ‘ऑटो’ अशी खूण असते. तिसरें अंग कंट्रोल युनिट, ज्यास कारागीर बीसीएम म्हणतात. हें सेन्सराचा व स्विचाचा निरोप ऐकून दिवे लावावे कीं नाहीं तें ठरवितें. चौथें अंग फ्यूज व रिले. रिले म्हणजे थोड्या विजेनें मोठी वीज जोडणारा दरवाजाच होय. कांहीं नव्या गाड्यांत रिले नसून हें काम कंट्रोल युनिटांतील इलेक्ट्रॉनिक स्विचच करतो. पांचवें अंग प्रत्यक्ष दिवा, त्याचा कपलर, व वीज परत नेणारी अर्थिंगची तार. बॅटरीच्या धन टोंकाकडून निघालेली वीज दिव्यांतून जाऊन गाडीच्या पत्र्यावाटे ऋण टोंकास परत आली तरच दिवा पेटतो. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचें लक्ष असतें. परत येण्याच्या वाटेकडे फारच थोड्यांचें असतें.

पाटाच्या पाण्याचा दृष्टांत

बागाइतदारास दोष शोधण्याची ही विद्या मुळींच परकी नाहीं. विहिरीवर पंप चालू आहे, परंतु वाडीच्या शेवटच्या आळ्यास पाणी पोंचत नाहीं, अशा वेळीं शहाणा माणूस पंप खोलीत बसत नाहीं. तो पाटाच्या मध्यावर जाऊन पाहतो. तेथें पाणी आहे तर दोष पुढें. तेथें नाहीं तर दोष मागें. एका पाहण्यानें अर्धा पाट संशयांतून सुटतो. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. अशा रीतीनें चार-पांच खेपांत फुटलेला बांध सांपडतो.

विजेच्या तारांतही तीनच प्रकारचे दोष संभवतात. तार तुटली, म्हणजे पाट मध्येंच खंडित झाला. तार सोलून पत्र्यास लागली, म्हणजे बांध फुटून सर्व पाणी भलतीकडे गेलें. येथें फ्यूज उडतो. आणि सांध्यांत गंज चढला, म्हणजे पाटांत गाळ सांचला. पाणी येतें खरें, पण पुरेसें येत नाहीं. पहिले दोन दोष ओळखण्यास सोपे. तिसराच माणसास फसवितो, आणि आमच्या किनाऱ्यावर नेमका तोच अधिक आढळतो.

दोष नसतां दोष वाटणें

निदानाची पहिली पायरी म्हणजे दोष खरोखरच आहे कीं नाहीं हें ठरविणें. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालीं वाहनांविषयीं जे नियम झाले आहेत त्यांतील ४८ व्या नियमाप्रमाणें बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या खालीं गेला कीं आपोआप लागणारे दिवे २ सेकंदांच्या आंत लागले पाहिजेत. उजेड ७,००० लक्सच्या वर गेला कीं ते विझावे, परंतु लगेच नव्हे. ५ सेकंदांनंतर व ३०० सेकंदांच्या आंत. या दोन मर्यादांच्या दरम्यान काय करावें हें कारखानदाराच्या मर्जीवर सोंपविलेलें आहे. निरभ्र दुपारीं उघड्यावर सुमारें एक लाख लक्स उजेड असतो. सूर्य बुडतांना तो कांहीं शें लक्सवर येतो.

या आंकड्यांवरून पुष्कळ शंका आपोआप मिटतात. दाट चिकूच्या वाडींतून भर दुपारीं जातांना दिवे लागले, तर तो दोष नव्हे. सावलीचा उजेड मर्यादेखालीं गेला इतकेंच. श्रावणांतल्या काळोख्या सरींत लागले, तर तें योग्यच झालें. रेल्वेच्या पुलाखालून बाहेर आल्यावर दिवे मिनिटभर जळत राहिले, तर तो मुद्दाम ठेवलेला विलंब होय. नाहींतर झाडांच्या रांगेखालून जातांना दिवे सारखे उघडझाप करीत राहिले असते. कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावरही घरांत शिरेपर्यंत उजेड राहावा म्हणून दिवे अर्धा-एक मिनिट जळत राहतात, तीही सोयच. दिवसा पुढें मंद जळणारा निराळा पांढरा दिवा हा दिवसाचा ओळखदिवा असूं शकतो. गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक या बाबतींत आधीं वाचावें. दोष नसलेल्या गाडीस दोष लावणें हें निरोगी झाडावर औषध मारण्यासारखें आहे.

पहिली कसोटी : स्विच हातानें फिरविणें

दोष आहे असें ठरल्यावर सर्वांत मोलाची कसोटी अगदीं फुकट आहे. गाडी अंधाऱ्या जागीं, भिंतीसमोर, उभी करावी. इंजिन चालू ठेवावयाचें असल्यास दारें उघडीं ठेवावीं. स्विच ‘ऑटो’वरून काढून हातानें दिवे लावण्याच्या खुणेवर न्यावा व काय होतें तें पाहावें.

(१) हातानें दिवे लागतात, ‘ऑटो’वर लागत नाहींत. याचा अर्थ बॅटरी, फ्यूज, रिले, तारा, अर्थिंग व दिवे हीं सर्व ठीक आहेत. दोष सेन्सरांत, त्याच्या तारांत, स्विचाच्या ‘ऑटो’ खुणेंत अथवा कंट्रोल युनिटांत आहे. अशा स्थितींत कोणी दिवे बदलावयास सांगेल तर तें मुळींच मानूं नये.

(२) हातानेंही लागत नाहींत व ‘ऑटो’वरही लागत नाहींत. मग सेन्सर बहुधा निर्दोष आहे. दोष पुढच्या भागांत, म्हणजे फ्यूज, रिले, तार अथवा दोहोंच्या सामाईक अर्थिंगांत शोधावा. मुख्य स्विच व कंट्रोल युनिट यांवरचा संशय मात्र येथें अजून उरतो.

(३) एकच दिवा लागत नाहीं. मग सेन्सर, स्विच व सामाईक भाग निर्दोष. त्या बाजूचा बल्ब, कपलर, अर्थिंग व त्या बाजूचा निराळा फ्यूज असल्यास तो पाहावा. एका बाजूचा बल्ब दुसऱ्या बाजूस लावून पाहिला म्हणजे बल्बाचा निकाल तेव्हांच लागतो.

(४) ‘ऑटो’वर भर उन्हांतही दिवे जळत राहतात. सेन्सर झांकला गेला आहे, अथवा त्याची तार तुटली आहे. पुष्कळ गाड्यांत सेन्सराचा निरोपच येईनासा झाला तर कंट्रोल युनिट मुद्दाम दिवे लावून ठेवतें. कारण आंधळा झालेल्यानें अंधार आहे असें मानणें हेंच सुरक्षित. म्हणून दिवे सतत जळणें हें दिव्यांचें नव्हे, सेन्सराचें दुखणें असूं शकतें.

(५) स्विच बंद केला, किल्ली काढली, सोयीचा विलंबही सरला, तरी दिवे जळतच आहेत. येथें रिलेचीं टोंकें एकमेकांस चिकटलीं असण्याचा संभव मोठा आहे.

सेन्सराची तपासणी

डॅशबोर्डावरील सेन्सरावर देवाची मूर्ति, हार, टोलाची पावती, पुसावयाचें फडकें किंवा नुसता धुळीचा थर बसला तरी त्यास कायमची संध्याकाळ वाटते. काचेस चिकटविलेल्या सेन्सरावर टोलाची पट्टी अथवा काळी फिल्म आलेली नाहीं ना, हें पाहावें. पुढची काच फुटून नवी बसविली असेल आणि दोष त्यानंतरच सुरू झाला असेल, तर सेन्सर व काच यांमधील पारदर्शक मऊ गादी नीट बसली आहे कीं नाहीं, तींत हवेचे बुडबुडे राहिले आहेत काय, हें अवश्य तपासावें.

स्वच्छ केल्यावर गाडी उन्हांत उभी करून, इंजिन चालू ठेवून, स्विच ‘ऑटो’वर ठेवावा. जाड काळें कापड चार घड्या करून सेन्सरावर घट्ट धरावें. हाताचा पंजा पुरत नाहीं, बोटांच्या फटींतून उजेड शिरतो. कांहीं सेकंदांत दिवे लागले पाहिजेत. कापड काढल्यावर पांच मिनिटें वाट पाहावी. दिवे लागले व विझले, तर सेन्सर काम करीत आहे. रात्रीं ही परीक्षा टॉर्चनें करणारे फसण्याचा संभव असतो. कारण कांहीं सेन्सर सूर्यप्रकाशांतील डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचाही हिशेब धरतात, आणि एलईडी टॉर्चच्या उजेडांत ते किरण जवळजवळ नसतातच. सूर्य हाच येथें खरा परीक्षक.

सेन्सर काम करीत नसेल तर तो बदलण्यापूर्वीं त्याच्या कपलरांत वीज व अर्थिंग दोन्ही पोंचतात कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें आहे. उपाशी बैलास आळशी म्हणण्यांत अर्थ नाहीं.

फ्यूज व रिले

फ्यूज डोळ्यांनीं पाहून ठरवूं नये. त्यांतील पट्टीस केसासारखी भेग असली तर ती दिसत नाहीं. दिवे चालू ठेवून फ्यूजाच्या दोन्ही उघड्या टोंकांवर मीटर लावावा. दोन्हीकडे बॅटरीइतका दाब असेल तर फ्यूज चांगला. एकीकडे असून दुसरीकडे नसेल तर तो गेला. उडालेल्या फ्यूजाच्या जागीं तितक्याच अँपियरचा फ्यूज बसवावा. तोही उडाला तर तार कोठें तरी पत्र्यास लागली आहे असें निश्चित समजावें व तेथेंच थांबावें. मोठा फ्यूज अथवा तांब्याची तार बसवून काम भागविणें म्हणजे फ्यूज वांचवून गाडी जाळणें होय.

रिलेची परीक्षा अदलाबदलीनें होते. हॉर्नाचा रिले त्याच क्रमांकाचा व तितक्याच टोंकांचा असेल तर तो काढून दिव्याच्या जागीं बसवावा. दिवे लागले व हॉर्न वाजेनासा झाला, तर निकाल लागला. रिलेच्या टोंकांवर बहुधा आंकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, आणि ८५ व ८६ म्हणजे दरवाजा ओढणाऱ्या वेटोळ्याचीं टोंकें. हाच आमच्या पाटाचा मध्य. ३० वर वीज आहे, वेटोळ्यासही वीज मिळते, परंतु ८७ वर कांहीं नाहीं, तर रिले खराब. वेटोळ्यास वीजच मिळत नसेल, तर दोष मागें, म्हणजे स्विच व कंट्रोल युनिट यांकडे. ८७ वर वीज आहे आणि दिवा लागत नाहीं, तर दोष पुढें, म्हणजे तार, कपलर, बल्ब व अर्थिंग यांत.

फसविणारा मीटर

आतां जेथें कारागीर बहुधा चुकतात त्या ठिकाणाकडे वळूं. दिवा मंद जळतो अथवा लुकलुकतो. कारागीर बल्ब काढतो, कपलरांत मीटर लावतो, मीटर बारा व्होल्ट दाखवितो. “वीज बरोबर आहे, दिवाच गेला,” असा निर्णय होतो, नवा दिवा येतो, आणि तोही मंदच जळतो.

याचें कारण असें. नळ बंद असतां गाळानें अर्धवट बुजलेल्या नळींतही तोटीपाशीं पाण्याचा दाब पुरा भरतो. तोटी उघडावी, तेव्हांच धार बारीक आहे हें कळतें. मीटर स्वतः जवळजवळ कांहींच वीज घेत नाहीं. म्हणून त्याला गंजाचा अडथळा दिसत नाहीं. दिवा मात्र पुष्कळ वीज मागतो, आणि तेव्हांच गंज आड येतो.

हें आंकड्यांनीं स्पष्ट होईल. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारें ४.६ अँपियर वीज घेतो; म्हणजे जळतांना त्याचा विरोध सुमारें २.६ ओहम असतो. अर्थिंगच्या बोल्टाखालीं अवघा अर्धा ओहम गंज चढला असें धरूं. एकूण विरोध ३.१ ओहम झाला, प्रवाह ३.९ अँपियरच्या आसपास आला, आणि जवळजवळ २ व्होल्ट त्या गंजांतच खर्च झाले. दिव्यास १० व्होल्ट उरले. हॅलोजन बल्बाचा उजेड दाबाच्या प्रमाणांत घटत नसून त्याहून पुष्कळ अधिक घटतो. दाब दहा टक्क्यांनीं उतरला तर उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं उतरतो. आमच्या उदाहरणांत उजेड निम्म्याच्या किंचित् वर उरेल. दाब षष्ठांशानें घटला, पण रस्ता जवळजवळ निम्मा अंधारला.

म्हणून परीक्षा दिवा जळत असतांनाच करावी. मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेवावी व लाल सुई दिव्याच्या कपलरांतील अर्थिंगच्या तारेस मागील बाजूनें लावावी. मीटरनें ०.२ व्होल्टच्या आंत दाखविलें तर अर्थिंग चांगलें. अर्धा, एक, दोन व्होल्ट दाखविले, तर तितके व्होल्ट परतीच्या वाटेंत वाया जात आहेत. हीच परीक्षा जाण्याच्या वाटेचीही करावी : एक सुई बॅटरीच्या धन टोंकावर व दुसरी दिव्याच्या धन तारेस. ज्या वाटेंत व्होल्ट हरवितात त्याच वाटेंत गंज आहे. बल्ब एलईडीचा असो वा हॅलोजनचा, ही परीक्षा सारखीच लागू आहे. एलईडी दिवा मंद न होतां लुकलुकतो अथवा अजिबात लागत नाहीं, इतकाच फरक.

समुद्राची हवा व उंदीर

वाढवणसारख्या किनाऱ्याच्या गांवीं हा दोष इतका कां आढळतो, हें वेगळें सांगणें नको. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें, त्या खाऱ्या ओलीनें तांब्यावर हिरवट व अन्य धातूंवर पांढुरका थर चढतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो थर वाढत जातो. दिव्यांचे कपलर व अर्थिंगचे बोल्ट गाडीच्या अगदीं तोंडाशीं असल्यामुळें चिखल, पाणी व खारा वारा प्रथम त्यांसच लागतो.

उपाय साधा आहे. बॅटरीचें ऋण टोंक प्रथम सोडवावें. अर्थिंगचा बोल्ट काढून त्याखालील पत्रा व तारेचें कडें पितळी ब्रशानें चकचकीत होईतों घांसावें, बोल्ट पक्का आवळावा, आणि आवळल्यावर वरून ग्रीस अथवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. कपलर पाण्यानें अथवा रॉकेलानें धुऊं नये. विजेच्या सांध्यांसाठीं मिळणारा फवारा वापरून तो पूर्ण वाळूं द्यावा. हें काम वर्षांतून दोनदां, पावसाळ्याच्या तोंडीं व दिवाळीच्या सुमारास, करावें. समुद्रकांठच्या वाळूंतून गाडी नेल्यास घरीं आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्यानें धुवावी.

दुसरा शत्रु उंदीर. वाडींतील शेडमध्यें, पेट्या व पेंढा यांच्या शेजारीं गाडी उभी राहिली कीं बॉनेटखालची ऊब त्यांस आवडते व तारांचें वेष्टन ते कुरतडतात. अर्धवट कुरतडलेली तार एखाद्या दिवशीं जोडलेली राहते, खड्ड्यांत तुटते, पुन्हां जोडते. असा लपंडाव करणारा दोष सर्वांत त्रासदायक. दिवे चालू ठेवून तारांचा जुडगा हळूहळू हलवीत जावें. ज्या जागीं हात लागतां दिवा चमकेल ती जागा दोषाची. अशी तार नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये. किनाऱ्यावर तो सांधा एका पावसाळ्याचाच सोबती. तार जोडून, डाग देऊन, उष्णतेनें आकसणारी नळी तीवर चढवावी.

रात्रींतून बॅटरी उतरणें

दोन्ही दिवे चुकून जळत राहिले तर ते मिळून सुमारें ९ अँपियर वीज घेतात. ४५ अँपियर-तासांची बॅटरी पांच तासांत रिकामी होते. रात्रीं दहाला लावलेली गाडी पहाटे तीनला रोग्याच्या कामीं येणार नाहीं, असा याचा अर्थ. दिवे विझलेले दिसत असूनही बॅटरी उतरत असेल, तर सर्व बंद करून, दारें लावून, अर्धा तास थांबावें व बॅटरीच्या ऋण तारेंतून किती वीज जाते तें कारागिराकडून मोजवावें. सामान्यतः ती ०.०५ अँपियरच्या आंत असते. अधिक असेल तर एकेक फ्यूज काढीत जावें. जो काढतांच आंकडा उतरेल त्या वाटेवर चोर आहे.

काय करूं नये

जास्त उजेडाच्या लोभानें ५५ वॅटच्या जागीं १०० वॅटचे बल्ब बसविणें ही चाल फार आहे. तारा व होल्डर त्या प्रवाहासाठीं केलेले नसतात. ते तापून वितळतात, आणि समोरच्याचे डोळे दिपून अपघात होतो तो वेगळाच. हॅलोजनच्या जागीं स्वस्त एलईडी बल्ब बसविले तर कांहीं गाड्यांचें कंट्रोल युनिट कमी प्रवाह पाहून बल्ब गेला असें समजतें व दिवे लुकलुकूं लागतात. वायूच्या कमानीनें जळणाऱ्या झेनॉन दिव्यांत पेटतांना वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो. त्यास घरीं हात लावूं नये. पिवळ्या वेष्टनांतील तारा एअरबॅगच्या असतात. त्यांस मीटर वा टेस्ट लॅम्प कधींही लावूं नये. कंट्रोल युनिट व सेन्सर यांच्या बारीक तारांसही टेस्ट लॅम्प न लावतां मीटरच लावावा.

संगणकयंत्र जोडून दोषाचा क्रमांक काढण्याची सोय आतां बहुतेक ठिकाणीं आहे, व ती उपयुक्तही आहे. दिव्यांसारख्या भागांचे क्रमांक इंग्रजी ‘बी’ या अक्षरानें सुरू होतात. केवळ इंजिन वाचणाऱ्या स्वस्त यंत्रास ते कित्येकदां दिसत नाहींत. परंतु क्रमांक मिळाला तरी तो कोणत्या वाटेंत दोष आहे तेवढेंच सांगतो, कोणता भाग बदलावा हें सांगत नाहीं. ‘सेन्सराची वाट खंडित’ असा क्रमांक आला तर ती सेन्सरांत खंडित आहे कीं तारेंत कीं कपलरांत, हें मीटरनेंच ठरवावें लागतें.

सारांश, मालकानें स्वतः मीटर हातीं धरलाच पाहिजे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कारागिराकडे जाण्यापूर्वीं तीन गोष्टी त्यास सांगतां आल्या पाहिजेत : हातानें दिवे लागतात कीं नाहीं, दोष एका बाजूस आहे कीं दोन्ही, आणि तो ओलीनें, खड्ड्यानें कीं उन्हानें वाढतो. आणि कोणताही महाग भाग बदलूं देण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा : दिवा जळत असतां कोणत्या दोन टोंकांमध्यें मीटर लावला व त्यानें किती व्होल्ट दाखविले? ज्याच्यापाशीं या प्रश्नाचें उत्तर आहे त्याच्या हातीं गाडी निःशंकपणें द्यावी. ज्याच्यापाशीं नाहीं, त्यास भाग बदलण्यापूर्वीं अर्थिंगचा बोल्ट घांसावयास सांगावें. आणि दोष निघेपर्यंत स्विच ‘ऑटो’वर न ठेवतां दिवे हातानें लावावे, तेही लागत नसतील तर अंधार पडण्यापूर्वीं गाडी घरीं आणावी, माल एक दिवस उशीरां गेला तरी चालेल.